खालच्या रानातली माझी माती

माझ्या चुलत भावाची ज्वारी यंदाही माझ्यापेक्षा चांगली आली आहे. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं ते लिहायचं म्हणून बसलो आहे. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. एखादं जोडाक्षर चुकलं तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. म्हणणं मात्र चुकलेलं नाही.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या अंगाला. काळी जमीन, पाणी बेताचं, आणि सगळ्यांचा जीव रब्बीच्या ज्वारीवर. पाऊसकाळ सरत आला की ती पेरायची. वरून पाणी द्यायचं नाही. काळ्या मातीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती वाढते. त्यामुळं आमच्याकडं माणसाची ऐपत बघायची तर त्याचं घर बघत नाहीत, त्याच्या रानात माती किती खोल आहे ते बघतात.

माझं रान वर आणि चुलत भावाचं त्याला लागून खाली. मधला उतार इतका हलका की नवख्या माणसाला दिसायचा नाही. पाण्याला दिसतो. आजोबांनी वाटणी केली तेव्हा थोरल्याला वरचं आणि धाकट्याला खालचं, असं बोट दाखवून सांगितलं. थोरले म्हणजे माझे वडील. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. ती मी करतो. पोरवयापासून मला खालचं रान डोळ्यांत सलत आलं आहे. उन्हाळ्यात तिथल्या भेगांत पाय मांडीपर्यंत जायचा, आमच्या भेगांत पोटरीपर्यंत. ज्याची भेग खोल त्याची माती खोल. चुलत भाऊ माझ्याहून लहान, पण भेगेत पाय घालून दाखवायला पहिला.

दोन्ही रानांच्या मध्ये बांध होता. आताच्या पोरांना बांध म्हटलं की गवताची एक रेघ आठवते. आमचा बांध बाजेएवढा रुंद होता. त्याच्यावरून बैलजोडी हाकत नेता यायची. वर एक जुना लिंब, काही बाभळी, बोरीची झुडपं, तरवड, आणि गुरांना कापून घालावं असं गवत. वरून आलेलं पाणी त्या गवताशी थांबायचं, माती खाली टाकायचं, आणि गाळणीतून उतरावं तसं सावकाश खालच्या रानात जायचं.

हा बांध आम्ही दोघांनी खाल्ला. त्यानं खालून, मी वरून.

बांध कोरणं हे आमच्याकडं न बोलता चालणारं काम आहे. नांगरताना शेवटचं तास, म्हणजे नांगराची ओळ, जरासं बांधात शिरून धरायचं. एवढंच. एका वर्षात कुणाच्या ध्यानात येत नाही. सुरुवात त्यानं केली. ताजी कापलेली माती मी डोळ्यांनी बघितली, गवताची पांढरी मुळं बाहेर लोंबत होती. मी काही बोललो नाही. पुढच्या नांगरटीला माझ्या बाजूनं तेवढंच घेतलं, वर थोडं जास्त. त्यानं ते बघितलं. तोही बोलला नाही. पारावर भेटलो की एकाची तंबाखू आणि दुसऱ्याचा चुना, आणि रानात गेलो की बांध. अशी वर्षं गेली. सगळ्या शिवारात हेच चाललं होतं, पण मी शिवाराचं सांगत नाही, माझं सांगतो.

मग झाडांची पाळी आली. दुपार कलली की लिंबाची सावली त्याच्या रानात पडायची. सावलीखालचं पीक खुरटतं, त्याला आम्ही वसवा म्हणतो. तो एकदा मला म्हणाला, "आप्पा, तुमच्या लिंबाचा वसवा माज्या चार वळी खातुया."

"लिंब माजा एकट्याचा कुटं हाय? बांधावर हाय."

"मग निम्मा तोडू का?"

"निम्मी सावली तोड. लाकडाला हात लावू नगंस."

तो हसला आणि गेला. नंतर त्याच्या बाजूच्या मुळ्या नांगरात तुटल्या, म्हणजे त्यानं तोडल्या. माझ्या बाजूला बाभळी होत्या. बैलं गेली, ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरला वळायला त्या आड यायला लागल्या. मी त्या वीटभट्टीवाल्याला दिल्या. लिंब एका अंगानं वाळत वाळत वाळला. तोडला त्या दिवशी आम्ही दोघं हजर होतो, लाकूड निम्मं निम्मं करायला. त्याचा निम्मा वाटा मोठा होता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

एवढं झालं तरी ज्वारी येत होती, कारण पाऊस जुन्या चालीचा होता. उत्तरा-हस्तात भीज पाऊस लागायचा. दोन दिवस, तीन दिवस, पोतं पांघरून गुरं चारायची, आणि माती एकेक घोट पीत राहायची. अलीकडं तो पाऊस गेला. आता महिना महिना आभाळ कोरडं राहतं आणि मग एका दुपारी कुणीतरी हौद उलटा करावा तसं सगळं एकदम. थंडीही तशीच. ज्वारी पोटऱ्यात आली, कणीस बाहेर पडायला टेकलं, तरी अंगात घाम. गावात सगळ्यांचं एकच म्हणणं, हवा बदलली. म्हणताना असं म्हणतात जशी काय ती परगावाहून आली. ज्याच्या तोंडी हे ऐकावं त्याच्या दारात ट्रॅक्टर, रानात बोअरवर बोअर, आणि उसाचं पाचट पेटवून दिलेलं.

अशाच एका दुपारी माझी माती गेली.

पेरणीच्या तोंडावर होतं. रान कुळवून लोण्यासारखं केलेलं. पाऊस सुरू झाला तेव्हा मी घरात होतो आणि खूष होतो. थांबला तेव्हा रानात गेलो. वरपासून खालपर्यंत घळी पडलेल्या, आणि मध्ये मध्ये पांढरट मुरूम उघडा, चामडी सोलल्यावर हाड दिसावं तसा. बांधाच्या जागी काहीच नव्हतं. बोटभर उरला होता तोही वाहून गेला. आणि खालच्या रानात माझी काळी माती कशी पसरली होती म्हणता! सारवलेल्या अंगणासारखी, एकसारखी, ओली, चकचकीत. चुलत भाऊ कमरेवर हात ठेवून उभा होता.

"आप्पा," तो म्हणाला, "लई पाऊस झाला की."

एवढंच म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर मीही एवढंच म्हणालो असतो. म्हणून तर जास्त झोंबलं.

त्या साली त्याच्या ज्वारीत माणूस शिरला की दिसत नव्हता. माझी मांडीला लागली, कणसं कागदी लिंबाएवढी. मी रोज सकाळी बघायला जायचो. माझी नव्हे, त्याची. न बघावं म्हणून ओढ्याकडच्या वाटेनं जायला लागलो. ओढ्याच्या वाटेवरून ती आणखी उंच दिसते हे मला तेव्हा कळलं. हुरड्याच्या दिवसांत लेकाचे सासरे आले, माझे व्याही. कोवळी ज्वारी निखाऱ्यावर भाजून हातावर चोळून द्यायची, ही आमच्याकडची पाहुण्याची खरी खातिरदारी, आणि ती मी वर्षानुवर्षं माझ्या रानात केलेली. व्याही माझ्या बांधावर, म्हणजे बांध होता तिथं, उभे राहिले, खाली बघितलं आणि म्हणाले, "ही ज्वारी कुणाची हो? नजर लागंल अशी हाय."

"लागलीया," मी म्हणालो.

त्यांना ती गंमत वाटली. चुलत भावानं खालूनच हाक मारली, "या की पावणं, हितं आगटी पेटलीया." आणि व्याही गेले. मीही गेलो. पाहुण्याला एकटं कसं सोडणार? हुरडा मी खाल्ला नाही, दाढ दुखते म्हणालो. चुलत भाऊ म्हणाला, "दाढंला मऊ हाय, खाऊन बगा." मी गूळ खाल्ला.

त्याच्याही पुढची गोष्ट घरात झाली. ज्वारीची काढणी म्हणजे ती ताटासकट उपटायची. ताकदीचं काम, माणसं मिळत नाहीत. आमची मंडळी, म्हणजे बायको, माझ्या अगोदर उठून त्याच्या काढणीला जायला लागली. मजुरीत ज्वारी मिळते. मला म्हणाली, देवळात पारायण आहे. एका रात्री जेवताना भाकरी पुढ्यात आली ती पांढरीशुभ्र, पापुद्रा टम्म फुगलेला, नुसती खावी अशी. मी म्हणालो, "बग, शेवटी आपल्या रानाची चव ती चव."

ती चुलीतला जाळ सारखा करत राहिली. म्हणाली, "खालच्या रानाची हाय."

मी घास तोंडात तसाच धरून बसलो. गिळावा की थुंकावा? ती बघत होती.

"बरूबर," मी म्हणालो, "माती माजीच हाय की. आनखी एक वाढ."

तिनं वाढली. पदरात तोंड घालून हसत होती ते मला दिसत होतं.

त्या भाकरीनं मला झोप येऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या खळ्यावर गेलो. तो आणि त्याची बायको ज्वारी वारवत होते. ती मला बघून डोक्यावर पदर घेत म्हणाली, "या भावजी, च्या टाकू का?"

"च्या नगं. माती पायजे," मी म्हणालो.

चुलत भावानं सूप खाली ठेवलं. "कसली माती?"

"माजी. पावसात आल्याली."

"आस्सं," तो म्हणाला. जराही तापला नाही. "न्या की. कुटलं ढेकूळ तुमचं तेवडं दावा, मी सोता पाटीत भरून देतो."

"सगळ्या रानावर वीतभर थर हाय. तुला ठावं हाय."

"पावसानं आणून टाकली आप्पा, मी काय पाटी घिऊन आलो न्हवतो. आन् पावसाला तुमीच वाट दिलीसा. बांध कुटं हाय?"

"तू खाल्लास."

"मी निम्मा खाल्ला."

मी म्हणालो, निदान आता निम्मी जागा सोड, दोघं मिळून बांध घालू. त्यावर तो जे बोलला ते माझ्या काळजात अजून आहे. सूप परत हातात घेतलं आणि ज्वारी वाऱ्यावर धरत म्हणाला, "मला कशाला बांध, आप्पा? ऱ्हायल्याली पुढच्या पावसात आपसूक येतीया की."

त्याची बायको त्याला "अवो" म्हणाली. मी चहा न घेता उठलो.

माझा लेक सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात आहे, कुंभारीला राहतो. रविवारी आला, रान फिरून बघितलं, आणि चपला झाडत म्हणाला, "आबा, आता ऐका. वीटभट्टीवाला इचारतुया. वर जी काळी ऱ्हायलीय ती त्याला उचलू द्या. तेवडं तरी पदरात पडंल. पुढच्या पावसात ती बी जाणार."

"खालचा बी हेच म्हणतुया," मी म्हणालो. "माती उचलू देऊन मी पेरू कुटं? तुज्या टॉवेलावर?"

"आबा, सगळीकडं असंच झालंय. हवामान बदललंय, टीव्हीवर रोज सांगत्यात."

"बदललं म्हंजी? कुणी बदललं?"

"माणसानंच की. धूर, गाड्या, कारखानं, झाडं तोडली..."

"माजी गाडी हाय का? माजा कारखाना हाय का?"

"झाडं हुती की," लेक म्हणाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बांध बी हुता."

पोरगं शिकलेलं आहे, आणि तोंडानं त्याच्या आईवर गेलं आहे. मी त्याला सांगितलं, एक पाऊसकाळ थांब. येत्या पावसात वरची माती राहिली तर ज्वारी पेरीन, गेली तर भट्टीवाल्याला बोलव आणि मुरूमसुद्धा ने म्हणून सांग. त्यानं कबूल केलं. म्हणजे आता गोष्ट एवढीच उरली होती की माझं रान रान राहतं की खदान होतं.

त्या उन्हाळ्यात मी बांध घातला. सगळा माझ्या जागेत. त्याची चिमूटभर जागा घेतली नाही. लोक म्हणाले म्हाताऱ्यानं झगडा मिटवला, मोठं मन केलं. मोठं मन वगैरे काही नव्हतं. माझ्या मातीचं एक ढेकूळसुद्धा त्याच्या घशात जाऊ नये, एवढंच मनात होतं. त्या एका गोष्टीनं माझ्या म्हाताऱ्या हाडांत कुठून बळ आलं सांगता येत नाही. रानातले दगड वेचले, खाली दगडाचा पाया, वर मुरूम, वर माती, धुमसून बसवली. ऊन असं की दुपारी पहार हातात धरवत नव्हती. पूर्वी त्या जागी दम खायला लिंबाखाली बसायचो. आता पाण्याची घागर माझ्याच सावलीत ठेवायची आणि मी सरकलो की ती सरकवायची. माती धरायला बांधावर घायपात लावला, तरवडाचं बी टाकलं. बांध मांडीएवढा उंच झाला. चुलत भाऊ रोज त्याच्या बाजूनं जाताना बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्यानं बोलावं असं मला फार वाटायचं.

बोलली ती माझी बायको. बांध पुरा होत आला तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली आणि म्हणाली, "सांडवा कुटं हाय?"

सांडवा म्हणजे बांधाच्या एका कोपऱ्याला जादा पाणी बाहेर पडायला ठेवलेली दगडी वाट. प्रत्येक बांधाला असते.

"न्हाय ठेवला," मी म्हणालो.

"आन् पाणी जाणार कुटनं?"

"जाणारच न्हाय. त्याच्यासाटी तर बांधलाय."

"अवो, पाणी म्हंजी तुमचा राग न्हवं, धरून ठेवलं तर बसंल. बांध फोडंल की."

"त्याला थेंब देणार न्हाय मी."

"तुमच्या पोटात दुकतंय त्ये पाण्याला कसं कळावं?" असं म्हणून ती घराकडं गेली. मी सांडवा ठेवला नाही.

पाऊसकाळ लागला. मृग कोरडा गेला, पुढं थोडी थोडी भुरभुर. बांधाला काही झालं नाही, आणि मी पारावर जरा छाती काढून बसायला लागलो. मग हस्तात तो आला. दुपारची वेळ, गुरं दावणीला, आभाळ आधी पिवळं आणि मग शाईसारखं. पहिले थेंब पत्र्यावर पडले तसा मी खोरं घेऊन निघालो, आणि मागून बायको निघाली, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. रानात पोचेस्तोवर पुढचं माणूस दिसेना.

बांधावर उभा राहिलो आणि जे बघितलं ते सांगतो. वरच्या सगळ्या रानाचं पाणी माझ्या बांधाशी येऊन थटलं होतं. मोठं तळं झालं होतं, काळं, फेसाळ, आणि चढत होतं. खाली चुलत भावाच्या रानात नुसता वरचा पाऊस, माझ्या रानातला थेंब नाही. खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं होतं आणि त्याच्याकडं नव्हतं.

मग पाण्यानं बांधाच्या माथ्याला तोंड लावलं. मधोमध एका जागी माती ओली होऊन खचायला लागली. मी खोऱ्यानं तिथं माती ओढली, ती तिथल्या तिथं विरघळली.

खालून ओरडणं ऐकू आलं. चुलत भाऊ चिखलातून पळत येत होता, डोक्यावर काही नाही, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. "आप्पा! कोपरा फोडा! सांडवा काडा, न्हायतर मदनं जातुया!"

"न्हाय!"

"अवो गेला तर सगळाच जाईल! माती, बांध, समदं माज्या अंगावर येतंय!"

"आत्ता कळलं व्हय? यू दे की! तुला पायजेच हुती!"

हे मी त्या पावसात त्याच्या तोंडावर ओरडलो. तो खाली थांबला, तोंडावरून पाणी निथळत होतं, आणि म्हणाला, "आन् मग तुमी उद्या पेरणार कशात?"

बायकोनं माझ्या हातातलं खोरं ओढलं. मी सोडेना, ती सोडेना. शेवटी मीच ते घेऊन कोपऱ्याकडं गेलो, कारण तिच्या हातून झालं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. कोपऱ्याला दगड दोन थर खाली काढले. पाणी उसळून बाहेर पडलं आणि सरळ त्याच्या रानात धबाधबा कोसळायला लागलं. असंच पडत राहिलं तर खाली खड्डा पाडून कोपरा उकरून नेणार हे दिसत होतं.

"थांबा," तो म्हणाला. त्याच्या रानातल्या गोठ्याच्या पायरीला शहाबादी फरशा होत्या. त्या त्यानं उचकटून आणल्या, एकेक पोटाशी धरून, आणि पाणी पडत होतं तिथं स्वतःच्या रानात, माझ्याकडचे दगड फटींत अडकवत बसवल्या. खाटेएवढी जागा गेली त्याची. मी वरून दगड देत होतो, तो खाली बसवत होता, बायको मधल्या खचलेल्या जागी तुराट्या आणि पोतं टाकून त्यावर पाय देऊन उभी होती. एकदा तो म्हणाला, "बारका दगड द्या की, गोटा काय देताय," आणि मी बारका दिला.

पाऊस गेल्यावर बराच वेळ पाणी सांडव्यातून जात होतं. आधी काळं, मग गढूळ, मग चहाच्या रंगाचं, आणि दिवस मावळायच्या आत जवळजवळ निवळ. माती मागं राहिली होती. चार दिवसांनी पाणी जिरलं तेव्हा बांधाच्या आतल्या अंगाला गाळाचा थर बसला होता, मऊ, लोण्यासारखा. मी त्यात पाय घातला. घोटा बुडला. लेक आला तेव्हा त्यालाही पाय घालायला लावला. त्यानं भट्टीवाल्याचं नाव काढलं नाही. पेरणीची तिफण जोडायला लागला.

त्या साली माझी ज्वारी कमरेला लागली. त्याची डोक्यावर. मुरमावर माती यायला आणखी पाऊसकाळ लागतील, हे मला कळतं. जीवाला मात्र कळत नाही, तो रोज सकाळी खाली बघतो.

मागच्या उन्हाळ्यात चुलत भाऊ बांधावर येऊन बसला. तंबाखू मळली, अर्धी मला दिली, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला, "आप्पा, घायपाताची रोपं द्या की थोडी."

"कशाला?"

त्यानं त्याच्या रानाच्या खालच्या कडेकडं बोट केलं. तिकडं त्याला लागून तिसऱ्याच एकाचं रान आहे, आणि त्या दोघांच्या मधला बांधही आमच्यासारखाच खाऊन संपलेला. "माजी माती त्याच्याकडं चाललीया," तो म्हणाला. "त्याला काय बोलायला गेलो तर म्हणतुया, आपसूक येतीया."

मी हसलो. खूप हसलो. तोही हसला, जरा उशिरानं. रोपं दिली. चांगली चांगली माझ्याकडं ठेवून दिली, पण दिली.

त्याचा बांध मी परवा जाऊन बघून आलो. त्यानं यंत्र लावून एका दिवसात घालून घेतला. सरळ, दोरी धरल्यासारखा, माझ्या बांधाहून हातभर उंच आणि रुंदीला तर विचारू नका, बैलगाडी जाईल. सांडवा घडीव दगडाचा. माझी बारकी रोपंसुद्धा तिथं तरारली आहेत. येणारे जाणारे त्याच्या बांधाचं नाव काढतात. माझ्या बांधाला मध्ये पोट आलं आहे आणि एका टोकाला तो थोडा वाकडा आहे.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "त्याचा बांध बगितलास?"

"बगितला. झ्याक हाय."

"यंतरानं केलाय. त्यात काय?"

"मग तुमी हातानं करा," ती म्हणाली. "पाटी तितं कोनाड्यात हाय."

आज सकाळपासून मी दगड वेचतो आहे. माझ्या रानात ते अजून पुष्कळ आहेत. बांध माझ्याच बाजूनं रुंद करायचा आहे, दोन तासं ज्वारी कमी आली तरी चालेल. पाऊस लागायच्या आत त्याच्यापेक्षा रुंद झाला पाहिजे.